मावशीचे निवांतराव

माझी मावशी बाइंडर आहे. पुस्तकं शिवते, चिकटवते, त्यांना पुठ्ठे घालते. पस्तीस वर्षं हेच. एवढ्यातली किती वाचलीस असं विचारलं की म्हणते, "सगळ्यांच्या पाठी ओळखते मी. पोटात काय आहे ते ज्याचं त्याला ठाऊक."

तिचं दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. दाराशी कटिंग मशीन आणि मशीनवर कटिंगकाका. काका मावशीच्याही आधीपासून तिथे आहेत, आणि अजून आपल्याला दहाच्या दहा बोटं आहेत हे दिवसातून एकदा तरी सांगतात. मधे लांब टेबल, त्यावर फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवायची लाकडी चौकट. कोपऱ्यात शेगडीवर सरसाचं भांडं. त्याच्या वासाने नवीन गिऱ्हाईक दारातूनच बोलतं. मागे लोखंडी प्रेस. आणि खिडकीखाली, तिथे धूळ कमी उडते असं मावशीला वाटतं म्हणून, रेकॉर्ड प्लेअर. धूळ तिथेही तेवढीच उडते.

त्यावर एकच माणूस वाजतो. निवांतराव.

हे नाव मावशीने ठेवलेलं. माणूस खरा जॅझवाला, जुन्या काळातला, पियानो वाजवायचा. आता हयात नाही. मावशीकडे तो आला तो फाटक्या कव्हरांमुळे. जवळच एक संगीतशाळा होती, तिथून चार रेकॉर्डची कव्हरं दुरुस्तीला आली, आत रेकॉर्ड तशाच. मावशीने कडा जोडल्या, पाठीला कापडाची पट्टी लावली. तोवर शाळाच बंद पडली. न्यायला कोणी आलं नाही. दोन वर्षं ती कव्हरं फळीवर पडून होती. मग एक दिवस भंगारवाल्याकडे प्लेअर दिसला आणि मावशी तो घेऊन आली. मी एवढी मेहनत घेतलेल्या कव्हरात आहे तरी काय, एवढंच तिला बघायचं होतं.

सुई ठेवली आणि काम सुरू केलं. संध्याकाळी काकांनी मशीन थांबवून विचारलं, "बाई, हा कोण?"

मावशीने कव्हर बघितलं. नाव नेमकं तिच्या कापडाच्या पट्टीखाली गेलेलं. सरसाने चिकटवलेलं, तेही मावशीने, म्हणजे आता ते जन्मात सुटणार नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण निवांत आहे."

झालं. बत्तीस वर्षं तो निवांतराव आहे. खरं नाव पुढे कळलं. पुस्तकाच्या पाठीला आतून लावायला रद्दी लागते ना, त्या रद्दीच्या एका तुकड्यावर कव्हरावरचाच फोटो निघाला, खाली तो गेल्याची बातमी, वय ब्याऐंशी. मावशीने तो तुकडा कापून भिंतीवर लावला. पण नाव कोणी उचललं नाही. घरातल्या माणसाला कागदावरच्या नावाने कोण हाक मारतं.

आता या रेकॉर्ड नुसत्या ऐकायला नव्हत्या, हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मावशीचं सगळं काम बाजूंवर चालायचं. एक बाजू म्हणजे रेकॉर्डची एक बाजू. जाड पुस्तक शिवायला तीन बाजू. चहा दोन बाजूंनंतर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सरस. पाठीला सरस लावला की तो अर्धवट धरेपर्यंत थांबायचं, मग हातोडीने ठोकत ठोकत पाठ गोल करायची. लवकर ठोकलं तर फर्मे सरकतात, उशिरा ठोकलं तर तडकतं. तर सरसाला बरोबर एक बाजू. पहिल्या रेकॉर्डची पहिली बाजू. सुई उचलली गेली की मावशी हातोडी उचलायची. घड्याळ भिंतीवर होतं, पण त्याच्याकडे फक्त काका बघायचे, तेही जेवायच्या आधी.

त्या बाजूवर तिसरं गाणं आहे त्याला सगळे 'जिना' म्हणतात. ऐकताना कोणीतरी कठड्याला हात धरून जिना उतरतंय असं वाटतं. मधेच थांबतं. खिडकीतून बघतं. परत दोन पायऱ्या. पोस्टमनकाका नोकरीत असताना टपाल द्यायला यायचे ते जिना संपेपर्यंत दाराला टेकून उभे राहायचे. पुढच्या गल्लीतली टपालं त्यामुळे कायम दहा मिनिटं उशिरा. आज ते रिटायर आहेत, तरी येतात. असे बरेच आहेत. शिवायला टाकलेलं पुस्तक घ्यायला आले आणि दुसऱ्या आठवड्यात पुस्तक नसताना आले, असे.

चौथी रेकॉर्ड मात्र कोणाला आवडायची नाही. तिच्यावरही जिना आहे, पण इतका रेंगाळलेला की काका म्हणायचे, "हा जिना उतरतोय का जिन्यावरच राहायला आलाय?" तिला झोपाळू म्हणायचे. ती फळीवर सगळ्यात खाली.

दर वर्षी त्या बातमीवरच्या तारखेला मावशी दुपारनंतर काम बंद ठेवते. लोक येतात. कागदाच्या गठ्ठ्यांवर बसतात. बारा-पंधरा माणसं, कोणी भाषण करत नाही, रेकॉर्ड लागतात, चहा होतो, जिना दोनदा होतो, सगळे घरी जातात. लहानपणापासून बघतेय मी. एकदा कोणा पाहुण्याने विचारलं होतं की या बाईला इंग्रजी धड येत नाही आणि ही जॅझ ऐकते होय. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. त्याच्या चपला कुठे गेल्या ते त्याला अजून कळलेलं नाही.

तर या वर्षी त्या दिवसाच्या आठवडाभर आधी मावशी मला म्हणाली, "बघ गं जरा, घरघर करतोय."

मी पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करते. नववीतनं शाळा सोडली ती यासाठीच, वर्गात बसून हात शिवशिवायचे. प्लेअर माझ्या जन्माच्या आधीचा, कधी उघडलाच नव्हता, कारण मावशी हात लावू द्यायची नाही. रविवारी दुकान बंद, मी उघडला. घरघर सापडली पाच मिनिटांत, एक वॉशर झिजला होता. तो बदलला. पण वरची थाळी उचलली तर आत मोटरपासून थाळीपर्यंत रबरी पट्टा असायला हवा, तिथे कापडाची फीत. पुस्तक शिवताना पाठीला आडवी घालतात ती फीत, दोन टोकं जोडून शिवलेली. टाका बघूनच ओळखला. असा टाका जगात एकच बाई घालते. भंगारात घेतला तेव्हा पट्टा नसणार, आणि हिने आपल्या पद्धतीने भागवलं असणार.

फीत घसरत होती. मी थाळीवर कागदाचा कपटा ठेवला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला तीस. व्हायला हवेत तेहतीस आणि वर थोडे. माझ्या खोक्यात पट्टे असतात. बसणारा शोधला, घातला, परत मोजले. तेहतीस. वर थोडे. मला इतका आनंद झाला की काय सांगू. फीत खिशात टाकली आणि घरी गेले. मावशीला विचारायचं डोक्यातही आलं नाही. दुरुस्त करायला कोणी परवानगी काढतं का.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम गेले, तिचं तोंड बघायला. एका ग्रंथालयाचे सोळा शब्दकोश आले होते, विटांसारखे जाड. सगळे शिवून तयार. मावशीने ओळीने सोळांच्या पाठींना सरस लावला, हात पुसले, सुई ठेवली.

पहिल्या सुराला तिने मान वर केली.

काकांनी मशीन थांबवलं. "हा कुठे निघालाय? बस चुकतेय का याची?"

"घरघर गेली ना?" मी म्हटलं.

"घरघर गेली," मावशी म्हणाली. तिने पुठ्ठे कापायला घेतले, पण हात चालेना, पट्टी सरकत होती. जिना लागला तेव्हा ती उभीच राहिली. "हा तर दोन दोन पायऱ्या सोडून उतरतोय," ती म्हणाली. अगदी हळू.

मग बाजू संपली. सुई उचलली गेली. आणि बत्तीस वर्षांच्या सवयीने मावशीने हातोडी उचलली.

पहिल्या शब्दकोशाची पाठ गोल झाली ती तिरकी. दुसरीही. ती ठोकतच गेली, चौथ्याला थांबली. बोटाने दाबून बघितलं. सरस ओला. फर्मे पत्त्यांसारखे सरकलेले. सोळातले चार गेले, म्हणजे सोडवा, खरवडा, परत शिवा.

"असं कसं झालं?" काका म्हणाले. "बाजू तर झाली."

मी हिशोब केला तो तेव्हा. पूर्वी बाजू बावीस मिनिटांची होती. आता वीस.

सांगावं लागलं. खिशातून फीत काढून टेबलावर ठेवली. म्हटलं, मावशी, ही घसरत होती, त्यामुळे तो हळू वाजत होता, इतकी वर्षं. आता वाजतोय तो बरोबर आहे. त्याने तसंच वाजवलं होतं.

मावशीने फीत हातात घेतली, टाका बघितला. "माझीच आहे," ती म्हणाली.

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती प्लेअरचं झाकण लावून मागे गेली आणि खराब झालेला पहिला शब्दकोश सोडवायला बसली.

त्या दिवशी परत रेकॉर्ड लागली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काकांचं मशीन तेवढं खाड खाड करत राहिलं, आणि चहाची वेळ कधी झाली ते कोणाला कळेना. काका मला दारातच म्हणाले, "तुला शाळेतून काढलं ते बरोबरच केलं."

"काढलं नाही, मी सोडली."

"मग त्यांचं नशीब चांगलं."

तिसऱ्या दिवशी मी मावशीसमोर उभी राहिले. म्हटलं, फीत परत घालते. दहा मिनिटांचं काम. होतं तसं होईल.

"नको."

"का नको? कोणाला कळणारे?"

"मला कळलंय ना." तिने दोरा दाताने तोडला. "बत्तीस वर्षं मी म्हणतेय, काय माणूस आहे, कसली घाई नाही, पुढे काय होणार ते एवढं माहीत असून थांबतो. अगं, तो थांबतच नव्हता. थांबत होती ती माझी फीत. मग मी जीव लावला तो कोणाला? फितीला?"

तारखेला तीन दिवस राहिले होते. मावशी म्हणाली, सगळ्यांना सांग, यंदा नाही. मी हो म्हटलं आणि कोणालाही सांगितलं नाही. फक्त एका ठिकाणी गेले.

दुकानाच्या समोरच्या माडीवर पियानोबाई राहतात. मुलांना पियानो शिकवतात, आता फक्त तिघं उरलेत. त्याही दर वर्षी येतात, आणि त्यांच्या खिडकीतून मावशीची खिडकी दिसते, आवाजही जातो. मी सगळं सांगितलं. त्या शांतपणे चष्मा पुसत होत्या.

"तीन दिवस ऐकू येत नाहीये, म्हटलं आजारी आहेत का," त्या म्हणाल्या. "सुरांची पट्टी उतरलेली होती गं. जवळजवळ एका सुराने. पहिल्या दिवशीच कळलं होतं मला."

"तीस वर्षं माहीत होतं? आणि बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तुझ्या मावशीने लगेच दुरुस्त केलं असतं."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, तुम्ही सगळे तिला हसत होतात का मनात?

"बस खाली," बाई म्हणाल्या. "हसायला मी काय वेडी आहे? मला तो त्याच्या खऱ्या वेगात कधी फारसा आवडला नव्हता. कॉलेजात ऐकला होता, म्हटलं हुशार आहे, पण दाखवतो फार. तुमच्या खिडकीतून ऐकला आणि माझी मुलं मी तशी शिकवायला लागले. हळू. थांबून." मग त्या एकदम थांबल्या. "चार रेकॉर्ड आहेत ना तिच्याकडे? चौथीच्या मागे साल काय आहे?"

मला काय माहीत साल. मी जिने उतरून, रस्ता ओलांडून, मावशीच्या देखत फळीवरून झोपाळू काढली. मागे बारीक अक्षरांत होतं. पहिल्या रेकॉर्डचंही बघितलं. दोन्ही सालं तळहातावर लिहिली आणि परत वर गेले. मावशी बघतच राहिली.

बाईंनी माझा तळहात धरला आणि भिंतीवरच्या बातमीतलं वय आठवून वजाबाकी केली. "पहिली केली तेव्हा सव्वीस वर्षांचा होता," त्या म्हणाल्या. "ही केली तेव्हा एकाहत्तर." आणि मग माझ्याकडे बघून हसल्या. "यंदा नाही म्हणून कोणाला सांगितलं नाहीस ना?"

"तोंड उघडलं नाही."

"मग गप्पच राहा."

तारखेला दुपारी माणसं आली. मावशी टेबलाशी होती, हाताला सरस. पोस्टमनकाका नेहमीच्या गठ्ठ्यावर जाऊन बसले. मग बाकीचे. मावशीने माझ्याकडे असं बघितलं की मी कटिंगकाकांच्या मागे उभी राहिले.

"आज काही नाहीये," ती सगळ्यांना म्हणाली. "चहा घ्या आणि जा. तो आपल्याला वाटत होता तसा नव्हता. मशीन बिघडलेलं होतं." आणि तिने सगळं सांगून टाकलं, फीत हातात धरून, बावीस मिनिटं आणि वीस मिनिटं आणि चार शब्दकोश. मला तर जमिनीत जावंसं वाटत होतं.

पोस्टमनकाका म्हणाले, "म्हणजे माझी टपालं उगाचच उशिरा गेली?"

कोणीतरी हसलं. मावशी नाही.

पियानोबाई उठल्या. फळीवरून झोपाळू काढली, कव्हर पदराने पुसलं. "ही लावा," त्या म्हणाल्या.

"ती नको," काका म्हणाले. "ती लागली की माझी मान पुढे पडते, आणि पुढे माझं मशीन आहे."

"मशीन बंद आहे. लाव गं."

मी लावली. जिना दुसऱ्या बाजूला पहिलाच होता. मावशी पाठ करून उभी होती, हात धुण्याचं निमित्त करून.

तो उतरायला लागला. कठड्याला हात. एक पायरी. दुसरी. मग थांबला, खिडकीशी. मी लहानपणापासून ऐकलाय तितकाच थांबला, बोटं मोजून सांगते. परत दोन पायऱ्या. तोच. जसाच्या तसा तोच, फक्त घरघर नाही आणि खाली कुठेतरी त्याचा स्वतःचा गुणगुणण्याचा आवाज, जो आम्ही कधी ऐकलाच नव्हता. प्लेअरवर नवीन पट्टा होता, तेहतीस फेरे होते, वर थोडे. मशीन काहीच करत नव्हतं. जे होतं ते तोच करत होता, एकाहत्तराव्या वर्षी.

पोस्टमनकाका गठ्ठ्यावरून उठले आणि दाराला जाऊन टेकले.

मावशीने नळ बंद केला. ओल्या हातांनीच वळली. गाणं संपेपर्यंत हलली नाही. संपल्यावर म्हणाली, "परत लाव." परत लावलं.

दुसऱ्यांदा संपल्यावर तिने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. "म्हणजे हा शेवटी आलाच की इथे," ती म्हणाली. "मी आपली आधीच येऊन बसले होते."

"पंचेचाळीस वर्षं उशीर केलान," पोस्टमनकाका म्हणाले. "माझ्या वरचढ निघाला."

आता मावशी हसली. चांगली हसली, टेबलाला धरून.

मग चहा झाला. तिने स्वतःच पहिली रेकॉर्डही लावायला सांगितली, बरोबर वेगातली. सगळ्यांनी ऐकली. सव्वीस वर्षांचं पोरगं दोन दोन पायऱ्या सोडून उतरत होतं. मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "हा असाच असणार. तुझ्यासारखा. न विचारता उघडून ठेवणारा." मला ते चाललं. मी त्या रेकॉर्डचा पक्ष तिथल्या तिथे घेतला, आणि आज दुकानात ती सगळ्यात जास्त वाजते ती माझ्यामुळेच. काका म्हणतात, तिच्यामुळे त्यांचं कटिंग भराभर होतं. बोटं अजून दहा आहेत.

सरसाला मावशी आता बाजू लावत नाही. बोटाच्या मागच्या पेराने दाबून बघते, तिच्या वस्तादाने शिकवलं होतं तसं. ते शब्दकोश दुसऱ्या आठवड्यात ग्रंथालयात गेले, सोळाच्या सोळा सरळ. त्यांतल्या एकाला, खराब होऊन परत बांधलेल्या पहिल्याला, खूण ठेवायला फीत हवी होती. मावशीने दुसरी शोधली नाही. खिशातून प्लेअरमधली ती काढली, शिवण उसवली आणि तीच लावली. टोकाला सरसाचा बारीक ठिपका दिला, सुटू नये म्हणून.

ग्रंथालयात जाऊन मी एकदा बघून आले. फीत 'न'वर, 'निवांत'च्या पानावर होती. मीच ठेवून आले.